रोमिओ आणि ज्युलिएट: कोणी काय ठरवलं, कोणाचं काय झालं

गेल्या पावसाळ्यात बडोद्याला, दांडिया बाजारातल्या एका जुन्या वाड्याच्या माडीवर, आम्ही दर रविवारी संध्याकाळी ‘रोमिओ आणि ज्युलिएट’ वाचलं. वाचायला पंधरा-सोळा जण असायचे. विद्यापीठात शिकणारी मुलंमुली, त्यांतल्या काहींच्या आया, बँकेतून निवृत्त झालेले एक काका, आणि वाड्याच्या मालकीणबाई, ज्यांना सगळे आजीच म्हणतात. आधी प्रवेश मराठीत सांगायचा, मग मूळ ओळी मोठ्याने वाचायच्या, मग बोलायचं. बोलणं इतकं लांबायचं की खालून आलेली शेव-उसळ निवून जायची.

तेच तेच प्रश्न वेगवेगळ्या तोंडून येत राहिले, म्हणून ते उत्तरांसकट लिहून ठेवते आहे. नाटकात जे घडतं ते नाटकातलंच सांगितलं आहे. मतं माझी आहेत, आणि ती मतं म्हणूनच वाचावीत.

हे सगळं नेमकं किती दिवसांत घडतं?

रविवार सकाळ ते शुक्रवारची पहाट. आम्ही भिंतीवरच्या कॅलेंडरचं जुलैचं पान उलटं करून त्याच्यामागे पेन्सिलीने लिहून काढलं, तेव्हा कुठे नाटक डोक्यात बसलं. रविवारी सकाळी रस्त्यात मारामारी, रात्री कॅप्युलेटांच्या, म्हणजे ज्युलिएटच्या, घरची मेजवानी, त्याच रात्री खिडकीखालचं बोलणं. सोमवारी दुपारी गुपचूप लग्न, तासाभरात दोन खून, आणि रात्री उशिरा बापाने ज्युलिएटचं दुसऱ्याशी लग्न ठरवलेलं. मंगळवारी पहाटे रोमिओ गाव सोडतो आणि रात्री ज्युलिएट मेल्यासारखं पाडणारं औषध घेते. बुधवारी तिचं ‘प्रेत’ घराण्याच्या थडग्याच्या तळघरात. गुरुवारच्या रात्री सगळं संपतं.

शेक्सपिअरने हे 1595 च्या सुमारास लिहिलं. त्याच्यासमोर आर्थर ब्रुकचं 1562 सालचं लांबलचक काव्य होतं. त्या काव्यात ही गोष्ट नऊ महिने चालते, नवराबायकोला एक-दोन महिने चोरून भेटता येतं. शेक्सपिअरने नऊ महिन्यांचे पाच दिवस केले. माझ्या मते त्याने केलेला हा सर्वांत मोठा बदल आहे. इथे विचार करायला कोणालाच एक रात्रही मिळत नाही, आणि ज्यांच्या हातात वेळ देणं होतं ती सगळी मोठी माणसं होती. पुढच्या बहुतेक उत्तरांत मी याच मुद्द्यावर परत येणार आहे.

पहिल्याच पानावर सांगितलंय की दोघं मरणार, ग्रहच वाईट. मग कोणी काय ठरवलं याला अर्थ काय?

हा प्रश्न काकांचा. पत्रिकेवर त्यांचा विश्वास आहे आणि त्यांनी तो अगदी मनापासून विचारला होता.

प्रस्तावनेत ताऱ्यांचा उल्लेख आहे हे खरं. पण त्याच प्रस्तावनेत दोन घरांच्या जुन्या वैराचाही आहे, आणि ते वैर काही ग्रहांनी लावलेलं नाही. ते कशावरून सुरू झालं हे नाटकभर कोणी सांगत नाही, कोणी विचारतही नाही. मी काकांना एवढंच म्हटलं, की प्रत्येक मृत्यूच्या आधीचं पान काढा आणि बघा तिथे एखादा माणूस काही वेगळं करू शकत होता का. त्यांनी खरंच वही काढली. पुढच्या रविवारी ती वही घेऊन आले, सात जागांवर खूण केलेली. पत्रिकेवरचा विश्वास त्यांनी सोडला नाही, आणि सोडायला हवा असंही मी म्हणणार नाही. पण त्यांच्या सातही खुणा कोणा ना कोणा माणसाच्या नावापुढे होत्या.

ज्युलिएट खरंच तेरा वर्षांची आहे का?

हो. ‘चौदा पूर्ण व्हायला पंधरवडा आणि वर काही दिवस’ असा हिशेब तिला वाढवणारी दाई आणि आई मिळून करतात. वाढदिवस 31 जुलैच्या रात्रीचा, म्हणून आमचं कॅलेंडरचं पान जुलैचं. ब्रुकच्या काव्यात ती सोळाची होती. शेक्सपिअरने मुद्दाम लहान केली.

हे ऐकून मुली अस्वस्थ झाल्या, आणि व्हायलाच हव्यात. त्या काळच्या इंग्लंडात मुलीचं लग्न कायद्याने बाराव्या वर्षी होऊ शकत असे, पण सहसा होत नसे. म्हणजे तेव्हाच्या प्रेक्षकांनाही तेरा हे वय खटकतच असणार. नाटकातला बापसुद्धा सुरुवातीला हेच म्हणतो. पॅरिस नावाचा उमराव मागणी घालतो तेव्हा बाप म्हणतो, अजून दोन उन्हाळे जाऊ द्या, आणि आधी तिचं मन जिंका. ‘तिच्याहून लहान मुलीही सुखाने आया झाल्यात’ असं पॅरिस म्हणतो, तर बाप उत्तर देतो की फार लवकर आई झालेल्या कोमेजतातही लवकर.

आपल्या गावाच्या इतिहासात हाच बाराचा आकडा आहे. सयाजीराव महाराजांनी 1904 साली बडोदा संस्थानात बालविवाहाला आळा घालणारा कायदा केला, त्यात मुलीचं किमान वय बारा आणि मुलाचं सोळा ठेवलं होतं. तेव्हा तो फार पुढचा कायदा मानला गेला. आजींच्या आजीचं लग्न त्याआधी झालेलं, आठव्या वर्षी. आजींनी हे सांगितल्यावर थोडा वेळ कोणी पान उलटलं नाही.

रोमिओचं आधी रोझलाइनवर प्रेम होतं. मग ज्युलिएटवरचं खरं कशावरून?

रोझलाइन रंगमंचावर येतच नाही. रोमिओ तिच्याबद्दल जे बोलतो ते पाठ केल्यासारखं वाटतं: थंड आग, आजारी आरोग्य, असले शब्द. ती त्याला उत्तर देत नाही, म्हणून तो एकटाच बोलत राहतो. ज्युलिएट भेटते तेव्हा पहिल्या क्षणापासून दोघं बोलतात, आणि त्यांचं पहिलं बोलणं मिळून चौदा ओळींचं एक सुनीत होतं. चार ओळी त्याच्या, चार तिच्या, मग दोघांची देवघेव. हे मोठ्याने वाचलं की कानालाच कळतं. यापलीकडे पुरावा मी देणार नाही.

‘नावात काय आहे’ म्हणजे नावाला किंमत नाही असंच ना?

मराठीत आपण हे वाक्य फार सैल वापरतो. स्पेलिंग चुकलं तरी ‘नावात काय आहे’ म्हणतो. ज्युलिएट बोलते आहे आडनावाबद्दल. आपल्याकडे दोन अनोळखी मराठी माणसं रावपुऱ्यात भेटली तर दुसऱ्या वाक्याला ‘आडनाव काय तुमचं?’ येतंच, आणि त्या उत्तरावरून पुढचं बोलणं ठरतं. नाटक घडतं त्या इटलीतल्या व्हेरोनात त्या उत्तरावरून तलवार उपसायची की नाही हे ठरतं.

ती म्हणते, तू तुझं नाव टाक. ते जमत नसेल तर नुसतं प्रेम आहे म्हण, मी कॅप्युलेट राहणार नाही. नावाला किंमत नसती तर हे बोलायची वेळच आली नसती. आणि ती हे एकटी आहे असं समजून बोलते, खाली रोमिओ उभा आहे हे तिला माहीतच नाही. जाता जाता: मूळ संहितेत ‘बाल्कनी’ हा शब्द कुठेही नाही. खिडकी आहे. व्हेरोनात पर्यटकांना दाखवतात तो सज्जाही विसाव्या शतकात बसवलेला आहे.

लग्नाचं आधी कोणी काढलं?

ज्युलिएटने. तुझा हेतू लग्नाचा असेल तर उद्या निरोप पाठव, कुठे आणि किती वाजता ते कळव. ही तिची भाषा आहे. चंद्राची शपथ घेणाऱ्या रोमिओला ती थांबवते, की चंद्र दर महिन्याला बदलतो, त्याची नको. आणि हे सगळं फार अचानक, फार अविचाराने, विजेसारखं होतंय, असंही तीच म्हणते. घाई कळणारी नाटकात ती पहिली. कळूनही थांबत नाही, कारण थांबल्यावर पुन्हा भेट कधी होईल याची तिला खात्री नाही.

आमच्याकडच्या एका आईने विचारलं, ‘एवढी समजूतदार होती तर आईला का नाही सांगितलं?’ ज्युलिएटच्या आईला मुलीला भेटायचं तर दाईला हाक मारून तिला बोलवावं लागतं, आणि मुलीशी एकटीने बोलायचं म्हटलं तरी ती दाईला परत आत घेते, कारण काय बोलावं ते सुचत नाही. पहिल्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशात हे आहे. मुलीच्या वाढदिवसाच्या, पहिल्या पावलांच्या सगळ्या आठवणी दाईला आहेत. आई ऐकत उभी आहे.

रोमिओने टिबॉल्टला मारायला नको होतं, नाही का?

नको होतं. पण तिथे तो कसा पोचतो ते बघा.

तो लग्न करून येतो आहे. ज्युलिएटच्या मामाचा मुलगा टिबॉल्ट तासाभरापूर्वी त्याचा बायकोकडून भाऊ झालाय, आणि हे सांगायची सोय नाही. टिबॉल्ट शिवी देतो, रोमिओ म्हणतो की तुझं नाव मला माझ्या नावाइतकंच प्रिय आहे. भोवतालच्या पोरांना हे भेकडपण वाटतं. मर्क्युशिओला ते सहन होत नाही आणि तो तलवार काढतो. रोमिओ मध्ये पडतो, दोघांना आवरायला हात वर करतो, आणि त्याच हाताखालून टिबॉल्ट मर्क्युशिओला भोसकतो.

म्हणजे तो सोडवायला गेला म्हणून मित्र मेला. मरताना मर्क्युशिओ दोन्ही घरांना शाप देतो आणि रोमिओला विचारतो, तू मध्ये का आलास? ‘मला वाटलं, बरं होईल’ एवढंच रोमिओच्या तोंडून निघतं. आमच्या माडीवर हे वाक्य वाचणाऱ्या मुलाचा आवाज बसला. त्याने ते तीनदा वाचलं, दर वेळी आणखी हळू.

त्यानंतर टिबॉल्ट परत येतो. पळायला वाट होती, राजाचा आदल्या दिवशीचा हुकूम सगळ्यांना माहीत होता की पुन्हा रस्त्यात भांडाल तर जीव गमवाल. रोमिओ ‘ज्युलिएट, तुझ्या रूपाने मला बायकी केलं’ म्हणतो आणि तुटून पडतो. त्याचा सर्वांत वाईट निर्णय हाच असं मी म्हणेन, शेवटी विष घेण्याच्या निर्णयाहूनही वाईट. कारण इथे त्याने ज्युलिएटचा विचार केला, आणि तिच्यावरच ठपका ठेवून पुढे गेला.

मग फाशी का नाही? हद्दपारीच का?

टिबॉल्टने आधी मर्क्युशिओला मारलं होतं आणि कायद्यानेही त्याला मरणच होतं, असं रोमिओचा बाप माँटेग्यू म्हणतो. राजा तेवढं ऐकतो. शिवाय मर्क्युशिओ राजाचा नातेवाईक होता.

दोन उन्हाळे थांबा म्हणणारा बाप एकदम इतका का चिडतो?

सोमवारी रात्री घरात टिबॉल्टचं सुतक आहे. पॅरिस निघालेला आहे, आणि बाप एकदम त्याला थांबवून लग्न ठरवून टाकतो. मुलगी माझं ऐकेलच, असं म्हणून. मग विचारतो, आज वार कोणता? सोमवार. मग बुधवार फार लवकर होईल, गुरुवार धरा. मुलीला विचारलेलं नाही. ती वरच्या खोलीत नवऱ्याच्या शेजारी आहे.

मला वाटतं त्याला भीती वाटते. पुतण्या-भाचे रस्त्यात मरताहेत, वय झालंय, एकच मूल उरलंय, हे तो स्वतः म्हणतो. राजाच्या नात्यातला जावई मिळतोय. घरातली मोठी माणसं घाबरली की तारखा ठरवतात. हे आपल्याला परकं नाही. आजोबांची तब्येत बिघडली म्हणून पंधरा दिवसांत उरकलेली लग्नं प्रत्येक घरात निघतील.

मग ज्युलिएट नाही म्हणते. त्यावर तो जे बोलतो ते वाचायला आमच्यात कोणी पुढे येईना. शेवटी काकांनी वाचलं. हात शिवशिवताहेत, असं तो खरंच म्हणतो. माझी असशील तर माझ्या मित्राला देईन, नसशील तर भीक माग, उपाशी मर, रस्त्यात मर. ज्युलिएट गुडघ्यांवर बसून ‘एक शब्द बोलू द्या’ म्हणते. तो म्हणतो, बोलू नकोस, उत्तर देऊ नकोस.

माझं तर म्हणणं आहे की नाटकाचा निकाल इथे लागतो. तो एक शब्द कोणता होता? ‘माझं लग्न झालंय.’ कदाचित ती बोललीही नसती. पण तोंड बंद केलं ते बापाने.

काका वाचत होते तेव्हा आजी पानाच्या डब्यात सुपारी कातरत होत्या. कातरण्याचा आवाज मध्येच थांबला. वाचन संपल्यावर त्या म्हणाल्या, ‘आमचे अण्णा असंच बोलले होते. नंतर रडले, पण बोलले होतेच.’ आणि परत कातरायला लागल्या.

दाईने दगा दिला का?

या प्रश्नावर आमच्यात सरळ दोन तट पडले.

दाईने तिला दूध पाजलंय. स्वतःची सुसान नावाची मुलगी ज्युलिएटच्याच वयाची, ती गेली. ज्युलिएटसाठी ती निरोप पोचवते, दोराची शिडी आणते, बाप ओरडतो तेव्हा मालकासमोर उभं राहून ‘तिला असं बोलू नका’ म्हणण्याची हिंमत तिचीच. सख्खी आई त्या वेळी निघून जाताना म्हणते, माझ्याशी बोलू नकोस, तुझं माझं संपलं.

आणि मग ज्युलिएट विचारते, काहीतरी सांग, धीर दे. दाई सांगते: पॅरिसशी लग्न कर. रोमिओ त्याच्यापुढे पोतेरं आहे. पहिला नवरा असून नसल्यासारखाच.

मुलींना हा विश्वासघात वाटला. आयांना वाटला नाही. एक म्हणाली, ‘ती पगारी बाई. तिच्या हातात काय आहे? पोर जिवंत राहावी, एवढंच तिला कळतं.’ मला दोन्ही पटतं. दाईने जगण्याचा सल्ला दिला, हे खरं. पण ज्युलिएटच्या दृष्टीने लग्न हे देवासमोर झालेलं वचन आहे आणि दाई ते जुन्या कपड्यासारखं टाकायला सांगते आहे. ‘मनापासून बोलतेस?’ असं ज्युलिएट विचारते. हो म्हटल्यावर ती अगदी शांतपणे ‘तू माझं फार समाधान केलंस’ म्हणते आणि त्या क्षणापासून दाईला एकही खरी गोष्ट सांगत नाही. तेरा वर्षांची मुलगी त्या घरात इथे पूर्ण एकटी होते. हा प्रवेश मोठ्या आवाजात करू नये, असं मी वाचणाऱ्यांना नेहमी सांगते.

ती रोमिओबरोबर मांतुआला पळून का गेली नाही?

मंगळवारी पहाटे तो निघाला तेव्हा दुसऱ्या लग्नाची बातमी तिला अजून कळलेली नव्हती, ती आई वर येऊन सांगते तो गेल्यावर. तोवर ठरलेलं होतं ते असं: रोमिओने मांतुआत थांबायचं, त्यांचं लग्न लावणारा साधू फ्रायर लॉरेन्स योग्य वेळ पाहून लग्न जाहीर करणार, घरांत समेट घडवणार, राजाकडून माफी मिळवणार. वाट बघणं शहाणपणाचं होतं. काही मिनिटांत ते शहाणपण निरुपयोगी झालं. व्हेरोना ते मांतुआ अंतर साधारण बडोदा-आणंद एवढं, पण तिला देवळात जायलासुद्धा परवानगी लागते.

फ्रायर लॉरेन्स हाच खरा दोषी ना?

सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न. उत्तरही सगळ्यात लांब आहे.

फ्रायर हा मठात राहणारा, पाला-मुळ्यांची औषधं जाणणारा साधू. एकाच फुलात विष आणि औषध दोन्ही असतं, असं म्हणतच तो पहिल्यांदा येतो. लग्न लावायला तो तयार होतो ते या आशेने, की दोन घरांचं वैर मिटेल. हेतू चांगला. पण घरच्यांना न सांगता लग्न लावल्यावर ते जाहीर करण्याची जबाबदारी त्याचीच होती. सोमवारी संध्याकाळी राजा रस्त्यात उभा होता, तेव्हा हे सांगता आलं असतं. मंगळवारी पॅरिस त्याच्याच दारात लग्नाची तारीख घेऊन आला, तेव्हाही. तो सांगत नाही, कारण सांगितलं तर त्याचं स्वतःचं काय होईल, ही भीती.

मग औषध. बेचाळीस तास मेल्यासारखी पडशील, तुला तळघरात ठेवतील, मी रोमिओला पत्र पाठवतो, तू जागी होशील तेव्हा आम्ही दोघं तिथे असू. ज्युलिएट घरी येऊन बापाची माफी मागते, आणि बाप इतका खूश होतो की लग्न गुरुवारचं बुधवारवर आणतो! पेन्सिलीने लिहिलेल्या आमच्या पानावर हा बाण उलटा काढावा लागला. साधूच्या हातातला एक आख्खा दिवस बापाच्या आनंदाने खाल्ला.

आता पत्र. तिसऱ्या अंकात फ्रायरने रोमिओला वचन दिलं होतं, की तुझ्या नोकराला गाठून त्याच्याकरवी वेळोवेळी बातमी कळवत जाईन. तो नोकर बाल्थझार. प्रत्यक्षात पत्र दिलं फ्रायर जॉनकडे. जॉन सोबतीला आणखी एक साधू शोधायला गेला, तो साधू आजाऱ्यांना भेटत होता, आणि साथीच्या संशयावरून त्या घराची दारं बाहेरून बंद करण्यात आली. इकडे बाल्थझारने ज्युलिएटला तळघरात ठेवताना पाहिलं आणि घोडा बदलत थेट मांतुआ गाठलं. रोमिओचा पहिला प्रश्न असतो, फ्रायरची पत्रं आणलीस का?

मला हे फार लागतं. निरोप्या होता, त्याने धावपळ केली, तो वेळेत पोचला. फक्त खरी बातमी त्याच्याकडे नव्हती.

साथीमुळे घर बंद होणं हा लेखकाने ओढूनताणून आणलेला योगायोग आहे, असं काही जण म्हणतात. 1592 ते 1594 या काळात लंडनची नाटकघरं प्लेगमुळे बहुतेक बंदच होती. बंद दाराचं प्रेक्षकांना काही नवल नव्हतं. 1994 साली सुरतेच्या प्लेगच्या बातमीने बडोद्यात काय धांदल उडाली होती, हे काकांनी सांगितलं. मुलांना 2020 आठवत होतं.

आणि शेवटचं. तळघरात ज्युलिएट जागी होते, फ्रायर समोर असतो. बाहेर चाहूल लागते. ‘चल, मी तुला जोगिणींच्या मठात ठेवतो,’ तो म्हणतो. ती हलत नाही. तो पळतो. बाकी सगळं मी माफ करायला तयार होते. हे करू शकत नाही.

रोमिओ थोडा वेळ थांबला असता तर?

ज्युलिएट त्यानंतर काही मिनिटांतच जागी होते. जुन्या इटालियन कथांत तर विष घेतल्यावर रोमिओ जिवंत असतानाच ती उठते आणि दोघं बोलतात. 1748 साली डेव्हिड गॅरिकने लंडनला प्रयोग केले, त्यानेही असा संवाद घातला आणि लोकांना तो पुष्कळ वर्षं आवडला. शेक्सपिअरने मात्र तो दिला नाही.

रोमिओ तिच्याकडे बघून म्हणतो, तुझ्या ओठांवर, गालांवर अजून लाली आहे, मृत्यूचा पांढरा झेंडा इथवर आलेला नाही. तो जे बघतोय ते खरं आहे. त्याने एकदा विचारलं असतं स्वतःला, की असं का? बेचाळीस तास संपत आले होते म्हणून रंग परत येत होता.

पॅरिसचं काय चुकलं?

फारसं काही नाही. रीतसर मागणी घातली, बापाने हो म्हटलं. मुलीला विचारावं असं त्याला सुचलं नाही, एवढीच त्याची चूक. रात्री फुलं घेऊन तळघरापाशी येतो. रोमिओ ‘मला डिवचू नकोस, जा’ म्हणतो, तो जात नाही, मरतो. मला ज्युलिएटशेजारी ठेव, एवढं मागतो, आणि रोमिओ तेवढं करतो.

बेनव्होलिओ कुठे गेला?

रोमिओचा हा चुलतभाऊ तिसऱ्या अंकात राजाला हकिकत सांगतो आणि नंतर दिसतच नाही. 1597 च्या पहिल्या छापील प्रतीत तोही वारल्याचं एका ओळीत आहे. नंतरच्या प्रतीत ती ओळ नाही. रोमिओची आई मात्र मुलाच्या हद्दपारीच्या दुःखाने त्याच रात्री जाते.

मुलांना हे वाचायला द्यावं का? शेवटी दोघं जीव देतात.

द्यावं, आणि बरोबर बसून वाचावं. खास करून तिसऱ्या अंकातला तिसरा प्रवेश. हद्दपारीची बातमी ऐकून रोमिओ फ्रायरच्या खोलीत स्वतःवर खंजीर उगारतो. तिथे दाई आहे, फ्रायर आहे. फ्रायर त्याला रागावतो आणि एकेक गोष्ट मोजून दाखवतो: ज्युलिएट जिवंत आहे, टिबॉल्ट तुला मारणार होता तर तू वाचलास, मरणाची शिक्षा हद्दपारीवर आली. ऊठ, तिच्याकडे जा. आणि रोमिओ उठतो. म्हणजे तो वाचू शकत होता, एकदा वाचलाही होता, कारण खोलीत कोणीतरी होतं. शेवटी तळघरापाशी तो बाल्थझारला धमकी देऊन घालवून देतो. आम्ही हे दोन प्रवेश एकाच संध्याकाळी लागोपाठ वाचले आणि त्या दिवशी घरी जायला बराच उशीर झाला. एक मुलगा जिन्यात थांबून राहिला होता. त्याच्याशी काय बोलणं झालं ते इथे लिहीत नाही.

शेवटी शिक्षा कोणाला होते?

दोन्ही बाप एकमेकांचा हात धरतात. माँटेग्यू ज्युलिएटचा सोन्याचा पुतळा उभारीन म्हणतो, लगेच कॅप्युलेट म्हणतो, मीही रोमिओचा तेवढाच उभारीन. आमच्या मुलींना यातही चढाओढ ऐकू आली. काकांना पश्चात्ताप ऐकू आला. राजा म्हणतो, काहींना माफी मिळेल, काहींना शिक्षा. कोणाला ते सांगत नाही. दाई त्या शेवटच्या प्रवेशात नाहीच.

ब्रुकच्या काव्यात मात्र यादी आहे. फ्रायरला सोडून दिलं, तो गावाबाहेर एकांतात राहिला आणि पाच वर्षांनी वारला. दाईला हद्दपार केलं. आणि मांतुआचा तो औषधवाला, ज्याने रोमिओला विष विकलं, त्याला फासावर चढवलं.

नाटकात हा औषधवाला जेमतेम सात-आठ ओळी बोलतो. फाटके कपडे, खपाटीला गेलेलं पोट, दुकानात टांगलेलं कासव आणि रिकामे डबे. विष विकलं तर मरण, हे तो रोमिओला सांगतो. रोमिओ चाळीस मोहरा पुढे करतो. तो म्हणतो, माझी गरिबी हो म्हणतेय, मन नाही. रोमिओ म्हणतो, मग मी तुझ्या गरिबीला पैसे देतो, आणि जाताना सांगतो, काहीतरी विकत घेऊन खा, अंगावर मांस येऊ दे.

ही यादी वाचून दाखवली तेव्हा आजींनी विचारलं, ‘त्या पैशाचं त्याने काही खाल्लं होतं का गं तोवर?’

काव्यात ते दिलेलं नाही. मी पुन्हा उघडून पाहिलं.